खुंटीवरचा चुडा

थांब गं शकू! उंबऱ्याच्या अलीकडंच थांब, आत नको शिरू. रागावले नाय तुझ्यावर. तू नवी हायेस, अजून अंगाचा हळदीचा वास नाय गेला. पन सकाळी विहिरीवर बायकांना काय इचारलंस, ते आलं माझ्या कानावर. "आवडीवैनींच्या हातात काकनं नायत, त्या रांडाव हायेत का?" अगं, हातच्या काकनाला आरसा कशाला म्हनतात, मग नसलेल्या काकनाला तरी कशाला? सगळ्यांना दिसतं. तुलाबी दिसलं. पन दिसलं म्हंजे कळलं असं नसतं, बाय माझे. बस इथं ओटीवर. हात मांडीवर ठेव, वाजवू नकोस. ऐक आता.

आवडी माझी सून, लोधिवलीची लेक. लगनाच्या दिशी मांडवात ताशा सुरू झाला आनि नवरी गायब! शोधली तर भाताच्या कनगीमागं बसलेली, दोनी कानांत बोटं घालून. लोक म्हनले, लाजते. मीबी म्हनले, लाजते. कसली लाजते! दुसऱ्याच दिशी तुझ्या सासूनं वाटीभर कालवन आनून दिलं. सोनुबाई माझी चुलतजाव, तिच्या हाताला लई चव हाय असं तिचं तिलाच वाटतं. इचारलंन, "कसं झालंय गं कालवन?" आवडी म्हनाली, "खारट." बस्स. ना हसली, ना मान वर केली. सोनुबाईचं तोंड बघन्यासारखं झालं. आनि खरं सांगू का, खारटच होतं.

अशीच ती. बोलली तर खरं तेवढंच बोलनार, नायतर मुकी. कुनाच्या तोंडाकडं बघायची नाय, बघनार ते पायांकडं. हाक मारली तर ओ देनार नाय. आधी आधी मी शंख करायची, "अगं ए भवाने, बहिरी हायेस का?" ती समोर उभी, आनि ओ नाय! एकदा थकून जवळ गेले आनि हळूच म्हनले, "आवडे, पानी आन गं." गेली, कळशी भरून आनली. मी म्हनले, मग मघाशी काय झालेलं? तर म्हनते, "आत्या, तुमी वरडलात का शब्द फुटतात. नुसता आवाज ऱ्हातो." हिला ऐकू येत नाय असं नाय गं, हिला जास्तीच येतं. एवढं कळायला मला एक पावसाळा लागला.

मग बांगड्यांचं. लगनात कासारानं हातभर हिरवा चुडा भरलेला. जात्यावर बसली का किनकिन, भाकरी थापली का किनकिन. तुला मला ते गोड लागतं. तिला नाय. दळता दळता मधीच थांबायची आनि भिंतीला डोकं लावून बसायची. झोप नाय, डोळे सुजलेले. एका सकाळी बघते तर हातांना तेल चोपडून तिनं सगळा चुडा उतरवलेला. एक काकन फुटू दिलं नाय. ओंजळीत घेऊन माझ्यापुढं आली. "आत्या, ह्या ठिवा. ह्या गप नाय बसत."

माझा हात उगारला तो वरच राहिला. अगं, मी रांडाव बाई. माझ्या पोराचा, चांगोचा बाप गेला तेव्हा ह्याच ओटीवर बायकांनी माझे हात धरून काकनं दगडावर फोडली. हे डाग बघ मनगटावर. माझी फोडली, आनि ही आपनहून उतरवते! पन त्या दुपारी ती झोपली गं, तान्ह्या पोरावानी. उठली आनि सगळं दळन एका बैठकीला काढलं. मी बघत बसले. माझं मलाच म्हनलं, गौरे, तू तर एक काकन कधी पिचू दिलं नव्हतंस, टिकला का तुझा धनी?

चुडा मी चांगोच्या खुंटीला टांगला, जिथं माझा पोरगा सदरा अडकवायचा. चांगो तेव्हा मुंबयला गोदीत हमाली करायचा, शिमग्याला नि गनपतीला घरी यायचा. आला, खुंटी बघितली आनि हसला. म्हनतो, "बरं झालं आये. घरात आलो का आधी चुडा दिसंल." तो बडबड्या, ही मुकी. सांजचं ओटीवर पाठीला पाठ लावून बसायची दोघं. तो मुंबयच्या गोष्टी सांगायचा, ही ऐकायची. समोरासमोर बसलं का तिला बोलनं कळायचं नाय म्हने. गावाला हसू यायचं. मला तर तो जोडा बघून बरं वाटायचं.

मग हळूहळू घरच बदललं. बैलाच्या घंटीत चिंधी कोंबली. भांडी पेंढ्यावर पालथी घालायची. जेवायला प्रत्येकाची जागा ठरलेली, ती हलवायची नाय. आनि मी, जिची हाक पल्याडच्या शिवारात ऐकू जायची, ती जवळ जाऊन बोलायला शिकले. सोपं वाटलं का तुला? जीभ चावून चावून शिकले.

गावाच्या डोळ्यांत मात्र ते कुसळ गेलेलं. "सवाष्न बाई मुंड्या हातांनी फिरते, नवरा परमुलखात, अपशकुन हाय." हळदीला बोलवनं बंद, ओटी भरनं बंद. आमच्या भावकीत मोठे ते भिवाजीभावजी. ते येऊन म्हनाले, "वैनी, एकतर तिचा चुडा भरा, नायतर तिला लोधिवलीला पोचवा." मी म्हनले, "भावजी, गूळपानी घ्या." गूळ खाल्ला, पानी प्याले, गेले. तेव्हापुरता इषय मिटला.

पुढं आला चवेचाळीस सालचा चैत. लढाईचे दिस. आमी शेतात राब भाजत होतो, रोपाच्या जागेवर पाला-शेन पसरून जाळत होतो. दिस कललेला. आवडी एकदम मटकन खाली बसली, कानांत बोटं. बायका हसल्या. आता लोक सांगतात का तिनं मुंबयचा बार ऐकला. मी नाय सांगत. ती उठता बसता बोटं घालते कानांत, मी कशाला देवऋषीन करू तिला?

दोन दिसांनी बुधाजी आला. चांगोसंगं गोदीतच असायचा तो. भुवया जळालेल्या, अंगावर दुसऱ्याचाच सदरा. ओटीवर बसला आनि रडायलाच लागला. म्हनाला, बोटीत दारूगोळा होता, बोट उडाली, गोदी पेटली, मानसं कुठंच्या कुठं फेकली. "मावशे, चांगो त्याच अंगाला होता गं. मढी उलटून बघितली. दवाखान्यात गेलो, मांडवाखाली खाटाच खाटा, तोंडं बांधलेली मानसं. चांगो रं, चांगो रं करत सगळीकडं फिरलो. कुनी ओ दिली नाय."

माझ्या हातातलं सूप पडलं. त्याचा आवाज झाला तोबी मला आठवतो. गाव गोळा झालं. तुझी सासू म्हनाली, "सांगत होते मी! काढली नं काकनं?" भिवाजीभावजी म्हनाले, देह नाय तर दर्भाचा पुतळा करून जाळू. अखितीला पितरांना पानी देतात, त्या दिशी चांगोच्या नावानं पानी सोडू, चुडा फोडू, आनि पोरीला लोधिवलीला धाडू. ह्या घरात आता तिचं काय हाय?

आवडी रडली नाय. बायका कुजबुजल्या, दगड हाय दगड. ती बुधाजीच्या पायांकडं बघत उभी होती. म्हनाली, "मेलेला बघितलास?"

"नाय गं वैनी, पन..."

"हाका मारल्यास?"

"किती मारल्या! ओ नाय दिली कुनी."

"मीबी ओ देत नाय," आवडी म्हनाली. "मी असते की."

शकू, खरंच की गं! मी हिला गळा फाटेपातुर हाका मारल्यात, आनि ही समोर उभी असायची. जवळ जाऊन बघितल्याबिगर मला तरी कुठं कळलं का ती ऐकते म्हनून?

मी पदर खोचला. "बुधाजी, ऊठ. परत जा."

"मावशे, तोंडं बांधलेली हायेत त्यांची. वळखू कसा?"

मग आवडी बोलली. लगीन होऊन आल्यापासनं एवढं ती कधी बोलली नसंल. "डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढलेलं हाय. करंगळीला नख नाय, आतनं काळं हाय. उजव्या टाचेच्या वर इळा लागलेला, तो डाग भाकरीच्या कडेवानी वाकडा. बसला का डावा पाय उजव्यावर घासतो. तोंड नको बघू. पाय बघ. हाक नको मारू."

मी त्याला नऊ म्हयने पोटात वागवला, न्हाऊ-माखू घातला, पन तो इळ्याचा डाग कुठं हाय ते मला सांगता आलं नसतं. आमी सगळी त्याच्या तोंडाकडं बघत बसलो. खाली मान घालते म्हनून जिला नावं ठेवली, तिनं मानूस पायापासनं पाठ केलेला.

बुधाजी गेला. मला वाटत होतं का चांगो गेलाच. खोटं कशाला बोलू? रातचं तोंडात पदर कोंबून रडायचे, तिच्या कानाला त्रास नको म्हनून. ती मात्र दोनी वेळा त्याचा पाट मांडायची, त्याच्याच जागेवर. मी म्हनले नाय कधी मांडू नको म्हनून.

अखिती आली, बुधाजीचा पत्ता नाय. सकाळीच बायका आल्या, पुढं सोनुबाई. अंगनात भिवाजीभावजी आनि चार पुरुष. सोनुबाई सरळ आत शिरली आनि खुंटीकडं निघाली. आवडी खुंटीपुढं जाऊन उभी राहिली. "नाय," म्हनाली. सोनुबाईनं तिचं मनगट धरलं. अगं, आपन धरतो तसंच धरलं, पन हिला तसं धरलेलं सोसत नाय. असा टाहो फोडला पोरीनं! खाली बसली, गुडघ्यांत डोकं, झुलायला लागली. बायका मागं सरल्या. कुनीतरी म्हनलं, "झाड धरलंय हिला, भूत शिरलंय."

मी पाट्यावरचा वरवंटा उचलला. सगळ्यांना वाटलं, सासूच फोडते आता चुडा. सोनुबाई बाजूला झाली मला वाट द्यायला. मी गेले ती उंबऱ्यावर, बसले, आनि वरवंटा मांडीवर घेतला. म्हनलं, "आतल्यांनी भाईर निघा. भाईरच्यांनी आत पाय टाकून दाखवा. एकेकाच्या नडगीचा भुगा करीन. मी गौराबाई हाय, कमी बोलते ती माझी सून. मी नव्हं!"

भिवाजीभावजी म्हनाले, "वैनी, पोराचा आत्मा तहानलेला राहील."

"बघितल्याबिगर मेला म्हनायचं नाय भावजी. जित्या मानसाला मेल्याचं पानी पाजू नका."

"कोन म्हनतं जिता हाय?"

"माझी सून म्हनते."

हसले गं. भावकी हसली मला. म्हनाले, येड्या सुनेनं सासूबी येडी केली. जाता जाता आमची विहीर बंद केली. दोघींनी ओढ्यात झिरा उकरला आनि वाटीवाटीनं पानी भरलं. मी शिव्या घालत भरायचे, ती गप भरायची. पानी तेवढंच यायचं दोघींचं.

आनि एका दुपारी खोपोलीच्या ठेसनावरनं बैलगाडी आली.

बुधाजी पुढं बसलेला. मागं पेंढ्यावर एक मानूस, डोकं आनि अर्धं तोंड बांधलेलं. मी तोंड बघितलंच नाय, शकू. पाय बघितले. डाव्या पायाचं बोट अंगठ्यावर चढलेलं.

बुधाजी सांगत होता, दवाखान्यात पयल्या खेपेला त्याच खाटेवरनं पुढं गेलेला तो. हाक मारून, ओ आली नाय म्हनून. चांगोचा एक कान पार गेलेला, दुसऱ्यात जरा कसला आवाज गेला का सुरी फिरल्यावानी व्हायचं. गाडीची शिटी झाली तेव्हा फलाटावर पालथा पडला म्हने. येताना बैलाची घंटी बुधाजीला तोडून टाकावी लागली. आनि वेशीत गाव लोटलं, कुनी थाळी बडवली आनंदानं, बायकांनी रडू लावलं. माझा पोरगा, गावचा सगळ्यात वाचाळ पोरगा, कान दाबून गाडीतनं उतरला आनि रानाकडं पळायला लागला. कसाबसा धरून आनला.

ह्या उंबऱ्यातनं आत आला, आनि थांबला. आत काय वाजत नव्हतं. भांडी पेंढ्यावर. जातं बंद. मी तोंडावर पदर दाबलेला. त्यानं खुंटीकडं बघितलं. चुडा जसाच्या तसा, हिरवागार. मग तो त्याच्या जागेवर, त्याच्या पाटावर बसला. डावा पाय उजव्यावर घासला.

आवडी चुलीपासनं उठली. तोंडाकडं नाय बघितलं तिनं. पाय बघितले, लई वेळ बघितले. मग वळली आनि त्याच्या पाठीला पाठ लावून बसली, नेहमीवानी. म्हनाली, "ओ नको देऊस. हायेस ते कळतंय." त्याला ऐकू गेलं का पाठीतनं कळलं, देव जाने. पन त्याचे खांदे खाली आले, आनि तो तसाच, बसल्या बसल्या झोपला. मुंबयपासनं डोळा लागला नव्हता त्याचा.

मी भाईर आले आनि मन भरून रडले, तोंडात पदर कोंबून. का रडले सांगू? सगळं गाव म्हनायचं, हिच्यापायी गौराबाईचं घर मुकं झालं. आनि त्या मुक्या घराशिवाय माझ्या पोराला मुलखात दुसरी जागा नव्हती. माझ्या सुनेनं तिच्या मापानं ते घर बांधलेलं, आनि माझा लेक त्यात जगला.

दुसऱ्या दिशी बायका बघायला आल्या. येनारच, नको कशाला म्हनू? गल्लीतनं किनकिन आली तशी चांगोनं कान दाबले. मी उठते न उठते तोच आवडी ह्या उंबऱ्यावर. माझं जुनं लुगडं फाडून तिनं पट्ट्या केलेल्या. सगळ्यात पुढं तुझी सासू. दोघी समोरासमोर. आवडी सोनुबाईच्या पायांकडं बघत म्हनाली, "हात."

सोनुबाईनं माझ्याकडं बघितलं. मी वरवंट्याकडं बघितलं. पन मनात वाईट नव्हती गं तुझी सासू, जीभ तेवढी तिखट. हात पुढं केलेन. आनि जिला दुसऱ्याचा हात लागलेला सोसत नाय, त्या माझ्या आवडीनं तिचं मनगट स्वतः धरलं आनि काकनांवरनं पट्टी गुंडाळली, एकबी वाजू नये अशी. मग दुसरीचं. मग तिसरीचं. सगळ्या सवाष्नी अशा बांधल्या हातांनी आत आल्या, गप बसल्या, माझ्या पोराला डोळे भरून बघितलं आनि गेल्या. सांजपातुर विहीर उघडली होती. जाताना सोनुबाई मला म्हनते, "बाय, कालवन आनीन उद्या. मीठ कमी घालीन." तेव्हापासनं कमीच असतं, खाऊन बघ.

त्या दिसापासनं गावात मला चांगोची आये नाय म्हनत कुनी. आवडीची सासू म्हनतात. म्हनू देत, मला आवडतं. भिवाजीभावजीबी तसंच म्हनतात आता, आनि उंबऱ्यावर आले का वहाना काढून हळू पायांनी आत येतात.

त्या पट्ट्या त्या बघ, दारामागच्या खुंटीला. धुऊन ठेवते ती. चुडा आतल्या खुंटीवर हाय, तो तिथंच राहनार.

बैल आले बघ रानातनं. घंटी ऐकलीस का? नाय ऐकू यायची. मागनं येतोय तो चांगो, आवडीचा नवरा. त्याला हाक नको मारूस, जवळ आला का मान हलव, बास.

आता पुढं कर हात. आवडे, हिला जरा सैल बांध गं, नवी हाय.